पाळणाघर घरातच हवं

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात चार मराठी कुटुंबं जमली की घरांच्या किमती, मुलांच्या शाळा आणि व्हिसा हे विषय ठरलेले. त्यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय निघतो. वस्तीत कुणीतरी राहत्या घरात डे-केअर सुरू केलेलं असतं आणि त्यावरून एचओएत वाद पेटलेला असतो. एचओए म्हणजे घरमालकांची संघटना. तिचं काम आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच: दरमहा वर्गणी, निवडून दिलेलं बोर्ड आणि घर घेताना मान्य करावी लागणारी नियमांची जाडजूड संहिता. तिकडे या संहितेला सगळे ‘सीसी अँड आर’ म्हणतात. त्यात एक कलम बहुतेक ठिकाणी असतंच: घर फक्त राहण्यासाठी वापरायचं, धंद्यासाठी नाही.

या वादात दोन्हीकडे पुष्कळदा आपलीच माणसं असतात. पाळणाघर चालवणारी बाई मराठी, तिच्याकडे बाळ सोडणारे आईवडील मराठी, तेलुगू नाहीतर गुजराती, आणि हरकत घेणारा बोर्डाचा सभासदही मराठी. म्हणून दोन्हीकडचे मुद्दे मी दोन काल्पनिक माणसांच्या तोंडी घातले आहेत. वहिनी फ्रीमाँटमधल्या एका टाउनहाऊस वस्तीत सहा मुलं सांभाळतात. भाऊजी तिथल्या बोर्डाचे खजिनदार. माणसं कल्पनेतली असली, तरी त्यांनी सांगितलेले कायदे आणि आकडे खरे आहेत.

भाऊजी : वहिनी, तुमच्याविषयी मनात काही नाही, हे आधीच सांगतो. पण घर घेताना तुम्ही आणि मी एकाच संहितेवर सही केली. घरात व्यवसाय करायचा नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. त्या भरवशावर मी आयुष्यभराची कमाई या घरात घातली. आज तुमचं पाळणाघर चालू दिलं, तर उद्या कुणी गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायला बसेल. त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

वहिनी : त्याला खुशाल नाही म्हणा, कायदा तुमच्या बाजूने आहे. माझ्या बाबतीत तो तुमच्या बाजूने नाही. सिनेटर नॅन्सी स्किनर यांचं एसबी २३४ हे विधेयक २०१९मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२०पासून लागू झालं. लायसन्स असलेलं घरगुती पाळणाघर, लहान असो वा मोठं, हा घराचा निवासी वापरच आहे असं तो कायदा म्हणतो. शहराला झोनिंगच्या नावाखाली ते अडवता येत नाही, बिझनेस लायसन्सची फी किंवा करही मागता येत नाही. खरेदीखतात किंवा सीसी अँड आरमध्ये बंदीचं कलम असेल, तर तेवढं कलम रद्दबातल ठरतं.

भाऊजी : कायदा २०२०चा, आपली संहिता त्याच्या कितीतरी आधीची. झालेला करार मागून आलेल्या कायद्याने मोडायचा, हे कसं?

वहिनी : करारातली बंदी चालणार नाही, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एसबी २३४च्याही बऱ्याच आधीपासून आहे. नव्या कायद्याने मोठ्या पाळणाघरांना लहानांच्या बरोबरीला आणलं. आणि तुमचा हाच मुद्दा १९९८मध्ये बॅरेट विरुद्ध डॉसन या खटल्यात अपील न्यायालयापुढे आला होता. कायद्याआधीच्या करारातलं कलमही टिकत नाही, असाच निकाल लागला.

भाऊजी : म्हणजे न्यायालयात तुम्ही जिंकाल. ते मला ठाऊक आहे. पण सही करून दिलेल्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

वहिनी : आहे. पण कोणत्या शब्दाला किती किंमत द्यायची, हे समाज वेळोवेळी ठरवत आला आहे. याच बे एरियात जुन्या खरेदीखतांमध्ये गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहू नये, अशी कलमं होती. आशियाई म्हणून तुम्हाआम्हालाही ती आडवी आली असती. सह्या त्या कागदांवरही होत्या. १९४८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशा कलमांची अंमलबजावणी करायला न्यायालयांना मज्जाव केला आणि १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने घरांच्या व्यवहारातला तो भेदभावच बेकायदा ठरवला.

भाऊजी : ही तुलना मला मान्य नाही. तिथे माणसाला त्याच्या जन्मावरून दाराबाहेर ठेवलं जात होतं. तुम्ही इथे सुखाने राहताच आहात. प्रश्न फक्त घरातून पैसे कमावण्याचा आहे.

वहिनी : बरं, जवळचं बघू. तुमची इलेक्ट्रिक गाडी रोज तुमच्याच गॅरेजमध्ये चार्ज होते. मालकाने आपल्या जागेत चार्जर बसवायला एचओए बंदी करू शकत नाही, हाही राज्याचाच कायदा. सोलर पॅनेलचं संरक्षण तर १९७८पासूनचं. स्वच्छ ऊर्जा साऱ्या राज्याच्या गरजेची, म्हणून तिथे संहितेने मागे सरायचं असं विधिमंडळाने ठरवलं. लहान मुलांची देखभालही साऱ्या राज्याच्या गरजेची आहे, म्हणून इथेही तेच ठरलं.

भाऊजी : फरक आहे, वहिनी. चार्जरचा खर्च मी भरतो. बसवताना काही बिघडलं असतं, तर तेही मीच निस्तरलं असतं. पाळणाघराची कमाई तुमची, आणि ओझं मात्र वस्तीवर. सकाळी साडेआठला गेटमधून गाड्यांची रांग लागते. आपला रस्ता खाजगी आहे, त्याचं डांबर वर्गणीतून पडतं. गेस्ट पार्किंगच्या जागा मोजक्या. परवा एकाने फायर लेनमध्ये गाडी लावली. त्याच वेळी बंब आला असता तर?

वहिनी : फायर लेनचं तुमचं खरं आहे. तिथे गाडी लावणाऱ्याला दंड करा, तो माझ्याकडे मूल सोडायला आलेला असला तरी करा. गेस्ट पार्किंगची वेळ ठरवा, मी ती सगळ्या पालकांना लेखी कळवीन. माझ्या सहा मुलांपैकी दोघं भावंडं आहेत आणि एक याच वस्तीतलं, ते चालत येतं. राहिलेल्यांच्या येण्याच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे करते. नियम पाळायला माझी ना नाही. मात्र तो रविवारी पार्टी करणाऱ्यालाही लागू हवा आणि रोज दहा पार्सलं मागवणाऱ्यालाही. पाळणाघरापुरता वेगळा नियम काढाल, तर ती मागच्या दाराने आणलेली बंदी झाली.

भाऊजी : ठीक. इन्शुरन्सचं काय? वस्तीची मास्टर पॉलिसी मीच दरवर्षी नव्याने करतो. वणव्यांनंतर कॅलिफोर्नियात काय झालंय, तुम्हाला माहीत आहे. २०२३पासून मोठमोठ्या कंपन्यांनी नव्या पॉलिसी देणं थांबवलं, ज्या देतात त्यांचे हप्ते वाढले. कॉमन एरियात एखादं मूल पडलं आणि पालकांनी वस्तीवर दावा ठोकला, तर भुर्दंड सगळ्या घरांना. खजिनदार म्हणून मला झोप लागत नाही ती यामुळे.

वहिनी : याची तरतूद कायद्यातच आहे. पाळणाघर चालवणारीने दर घटनेला किमान १ लाख आणि वर्षाला एकूण ३ लाख डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स घ्यायचा, किंवा ३ लाखांचा बाँड द्यायचा. दोन्ही नसेल तर तसं पालकांना सांगून त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचं. एचओएच्या पॉलिसीतून भरपाई मिळेलच असं नाही, हेही त्यात लिहिलेलं असतं. माझ्याकडे इन्शुरन्स आहे. बोर्डाने लेखी मागणी केली तर तुमच्या संघटनेचं नाव मी त्या पॉलिसीत घालून देईन. त्याने पॉलिसी रद्द होणार नसेल आणि जादा हप्ता एचओए भरणार असेल, तर ते नाव घालणं मला बंधनकारकच आहे.

भाऊजी : जादा हप्ता आम्ही भरायचा?

वहिनी : कायदा तसंच म्हणतो. पण भाऊजी, ज्या काळजीने झोप उडते ती तेवढ्या पैशात मिटत असेल, तर खजिनदाराने ते पत्र आजच लिहायला हवं. बोर्डाकडून मला बंदीची नोटीस आली. इन्शुरन्सची मागणी करणारं पत्र मात्र अजून आलेलं नाही.

भाऊजी : पत्र लिहितो. आता आकड्यांवर येऊ. आज सहा मुलं आहेत, उद्या चौदा होतील. तुमच्याआमच्यात एकच भिंत आहे. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, पलीकडे एक वृद्ध जोडपं राहतं. चौदा मुलांच्या आवाजात आम्ही जगायचं कसं?

वहिनी : चौदाचा आकडा एकदम गाठता येत नाही. माझं लायसन्स लहान पाळणाघराचं, म्हणजे सहा मुलांचं. शाळेत जाणारी थोडी मोठी मुलं असतील, तर काही अटींवर आठ. दहा वर्षांखालची माझी स्वतःची मुलंही त्यातच मोजायची. नुसती दोन वर्षांखालची बाळं ठेवायची तर चारच. मोठ्या पाळणाघराला बारा आणि अटींवर चौदा मुलं चालतात, पण त्यासाठी अनुभव लागतो, मदतनीस लागते आणि अग्निशमन खात्याचा दाखला लागतो. या टाउनहाऊसमध्ये मी तो विचार करणारही नाही.

भाऊजी : तुम्ही नाही करणार. दुसरी कुणी करेल, आणि कायदा तिला अडवणार नाही.

वहिनी : हे खरं आहे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला सगळ्यांत जास्त सोसावं लागतं आणि कायद्याने त्याला वेगळं काही दिलेलं नाही, हेही मी कबूल करते. म्हणून खेळण्याची खोली मी तुमच्या भिंतीकडून काढून मागच्या बाजूला नेली. दुपारी एक ते तीन मुलं झोपतात. तुमच्या महत्त्वाच्या मीटिंगा त्या वेळात बसवता आल्या तर बघा. आणि आवाज खरोखरच सहन होईनासा झाला, तर माझ्याकडे या. उपद्रवाचा सर्वसाधारण नियम मलाही लागू आहेच.

भाऊजी : एक मनातलं विचारतो. हे सगळं घरातच कशाला? रीतसर सेंटर आहेत की. लोकांनी तिथे जावं.

वहिनी : बाळ किती आठवड्यांचं असताना आई कामावर परत जाते, ठाऊक आहे? इथल्या केंद्रीय कायद्यात १२ आठवड्यांची रजा आहे, तीही बिनपगारी आणि पात्र असाल तरच. कॅलिफोर्निया राज्य बाळासाठी ८ आठवडे पगाराचा काही भाग देतं. भारतात २०१७पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. इथे तीन महिन्यांचं, मान नुकतीच धरू लागलेलं बाळ कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं. बे एरियातल्या सेंटरची बाळासाठीची फी महिन्याला २,००० डॉलरच्या वर सहज जाते. पैसे असले तरी जागा मिळेलच असं नाही, गरोदरपणातच यादीत नाव घालून ठेवणारे आहेत. त्यात आता चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळांमध्ये ट्रान्झिशनल किंडरगार्टन आलं. मोठी मुलं तिकडे गेली, की पाळणाघराकडे उरतात ती अगदी लहान बाळं. एवढ्या लहान बाळाला घरासारखी जागा आणि तोच तो ओळखीचा चेहरा लागतो. घरगुती पाळणाघर नेहमीच्या राहत्या वस्तीतच असावं, असं कायद्यात लिहिलंय ते यासाठी.

भाऊजी : आपल्यातल्या कित्येकजणी लायसन्सशिवायच मुलं ठेवतात. ओळखीपाळखीतून कळतं. त्यांच्याबद्दल काय म्हणाल?

वहिनी : एकाच दुसऱ्या कुटुंबाची मुलं सांभाळत असाल, तर लायसन्स लागत नाही. दोन कुटुंबांची झाली की लागतं. ते नसेल तर एसबी २३४चं संरक्षण नाही, आणि ते मिळूही नये. व्हिसाचीही बाजू आहे. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या काहीजणींना २०१५पासून वर्क परमिट मिळू लागलं. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी घरातसुद्धा पैसे घेऊन हे काम करणं बेकायदा आहे. पण भाऊजी, लपवाछपवी वाढते कशाने? लायसन्स काढलं की एचओएला कळेल आणि नोटीस येईल, या धास्तीने. तुमच्या बंदीने मुलं कमी झाली नाहीत, ती फक्त दिसेनाशी झाली. माझ्याकडे काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. बोटांचे ठसे देऊन पोलीस-तपासणी झाली. क्षयाची चाचणी, लसी आणि लहान मुलांच्या सीपीआर-प्रथमोपचारासह आरोग्य-सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. दर सहा महिन्यांनी आगीची आणि आपत्तीची कवायत करते. राज्याच्या लायसन्स विभागाचा माणूस न सांगता दारात उभा राहू शकतो, पालकही कधीही आत येऊ शकतात. माझे सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी राहायला आले, तेव्हा त्यांचेही ठसे घेतले, कारण घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची तपासणी लागते. वस्तीतल्या दुसऱ्या कोणत्या घराची एवढी झडती होते?

भाऊजी : हे मात्र मला माहीत नव्हतं. तरीही एक सल राहतोच. वस्तीचे नियम वस्तीने मतदानाने ठरवावेत. राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत बसलेल्यांनी ते वरून लादले, की घरमालकांच्या मताला अर्थ उरत नाही. मिशिगनमध्ये बघा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये टेरियन विरुद्ध झ्विट खटल्यात करार उचलून धरला. घरगुती पाळणाघर हा व्यवसायच आहे आणि व्यवसायबंदीच्या कलमात ते बसतं, असं सांगितलं.

वहिनी : मिशिगनच्या त्या निकालानंतर तिथल्या पाळणाघरांचं भवितव्य शेजाऱ्यांच्या हातात गेलं. मतदानाचं म्हणाल, तर वस्तीत मत घरमालकाला असतं. भाड्याने राहणाऱ्या तरुण आईबापांना नसतं, आणि पाळण्यातल्या बाळाला तर नसतंच. ज्यांची गरज सगळ्यांत मोठी ते मतदार यादीतच नाहीत. अशा वेळी राज्याने मध्ये पडायचं नाही, तर कधी पडायचं?

भाऊजी : यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही. पण नोटीस मागे घेण्याचा ठराव बोर्डापुढे मी मांडतो. पार्किंगचा नियम मात्र सगळ्यांसाठी येणार.

वहिनी : येऊ द्या. पहिली सही माझी घ्या.

या दोघांपैकी भाऊजींना हटवादी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला ते योग्य वाटत नाही. पार्किंग, इन्शुरन्स आणि आवाज या त्यांच्या तिन्ही काळज्या खऱ्या आहेत. चूक होते ती उपाय निवडताना. या काळज्यांवर नेमके, सगळ्यांना सारखे लागू पडणारे उपाय हाताशी असताना बहुतेक बोर्डं सगळ्यात आधी बंदीच्या कलमाकडे धावतात. कॅलिफोर्नियात ते कलम मेलेलं आहे. त्याच्या जोरावर नोटीस काढणं म्हणजे वर्गणीचे पैसे वकिलाला देणं आणि शेजारीण कायमची गमावणं. इतर राज्यांत ते कलम अजून जिवंत असेलही, पण तिथेही एक प्रश्न विचारायला हवाच. मुलं सांभाळणं हे घराचं सगळ्यात जुनं काम आहे. त्या कामाचे पैसे मिळू लागले, एवढ्याने ते घराबाहेरचं कसं ठरतं? ज्या वस्तीत घरी बसून दिवसभर दुसऱ्या कंपनीसाठी संगणकावर काम केलेलं चालतं, तिथे घरी बसून शेजारच्या बाळाला भरवलेलं चालत नाही, याचं समर्थन मला कुठल्याही संहितेत सापडत नाही.

तेव्हा माझा कौल वहिनींच्या बाजूने आहे. आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकीला एक आग्रहाचं सांगणं आहे. आधी लायसन्स काढा, मगच मुलं घ्या. इन्शुरन्स घ्या. भाड्याच्या घरात असाल, तर घरमालकाला ३० दिवस आधी लेखी कळवा. लहान पाळणाघरात सहा मुलांपर्यंत त्याच्या परवानगीची गरज नाही, त्याहून जास्त ठेवायची तर त्याची संमती घ्या. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी पहिलं बोलणं तुम्हीच करा, त्याची तक्रार येण्याची वाट पाहू नका. बोर्डाने नोटीस धाडलीच, तर घाबरून पाळणाघर बंद करू नका. दंड करण्यापूर्वी सुनावणी घेणं बोर्डाला बंधनकारक आहे, आणि घर तुमच्या मालकीचं असेल व तुम्ही समोरासमोर बसून बोलण्याची लेखी मागणी केलीत, तर कॅलिफोर्नियात एचओएला ती नाकारता येत नाही.

अमेरिकेत जिथे कुठे एचओएच्या बोर्डावर मराठी माणूस बसला असेल, त्यालाही एक विनंती. आपल्या राज्याचा कायदा एकदा वाचा. तुमच्या राज्यात मिशिगनसारखा निकाल लागू असेल आणि संहितेत बंदी असेल, तर ते कलम बदलण्याचा प्रस्ताव तुम्हीच मांडा: लायसन्स असलेल्या घरगुती पाळणाघराला परवानगी, आणि पार्किंगचे नियम सगळ्यांना सारखे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो एक विषय घालून घ्या.